चौकोनांचं चित्र घरात लावताना

चित्र घरी आणलं की पहिले आठ दिवस भिंतीत खिळा मारायचा नाही. खाली जुन्या चादरीची घडी घालून ते टेबलावर किंवा बाकावर, भिंतीला टेकवून ठेवायचं आणि येता-जाता बघायचं. देखावा असला तर तो पहिल्या दिवशीच कळतो. हा डोंगर, ही नदी, हे घर. नुसते चौकोन, पट्टे, त्रिकोण, वर्तुळं असलेल्या चित्राला, म्हणजे ज्याला भौमितिक अमूर्त चित्र म्हणतात त्याला, सवड द्यावी लागते. घाईने लावलेलं चित्र महिन्याभरात कॅलेंडरसारखं होतं. डोळ्यांसमोर असतं, पण दिसत नाही.

आपल्या बेळगावकरांना ही सवड जास्तच लागते, आणि त्याचं कारण अभिमानाचं आहे. के. बी. कुलकर्णींसारखे चित्रकलेचे गुरू इथे होऊन गेले. चित्रकार रवी परांजपे (१९३५–२०२२) इथलेच आणि त्यांच्याकडेच शिकलेले. हुबेहूब व्यक्तिचित्र, ओल्या मातीचा वास यावा असं निसर्गचित्र, यांवर आपला डोळा पोसला आहे. त्यामुळे चौकोनांपुढे उभं राहिलं की आपण पहिल्यांदा विचारतो, "हे कशाचं चित्र?" प्रश्न चुकीचा नाही. या चित्राला त्याचं उत्तर नसतं, एवढंच. इथे विचारायचं ते असं : कुठला रंग पुढे येतोय, कुठला मागे सरतोय, वजन कुठे आहे, आणि एवढ्या कमी सामानात हे सगळं पडत कसं नाही?

हे मला शिकवलं ते माझ्या सासूबाईंनी. आमचं घर वडगावात, विणकरांचं. सासूबाईंचं निम्मं आयुष्य कांड्या भरण्यात गेलं. विद्यार्थ्यांच्या एका प्रदर्शनातून मी तीन फूट बाय तीन फुटांचा कॅनव्हास घेऊन आले तेव्हा त्या दारातच होत्या. पांढरट जमीन, तिच्यावर निळे, करडे, हळदी असे सात आयत, आणि उजवीकडे खाली काडेपेटीएवढा एकच तांबडा तुकडा. तीन दिवस त्या काही बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "उभं-आडवं छान जमलंय गं, खरं ह्या कोपऱ्यात एवढंसं तांबडं कशाला?" मी काही सांगायच्या आत त्यांनी तळहात आडवा धरून तो तुकडा झाकला. मग हात काढला, पुन्हा झाकला. "नसलं तर सगळं डावीकडं कलंडतंय की!" त्या दिवसापासून चित्र बघायला शिकवताना मी इथूनच सुरुवात करते.

आठ दिवसांत करायचं बघणं

झाकून बघणं हा पहिला अभ्यास. एकेक आकार हाताने किंवा कागदाच्या तुकड्याने झाकायचा. कॅनव्हासला हात लावायचा नाही, डोळ्याजवळ धरूनच झाकायचं. ज्याच्याशिवाय चित्र ढासळतं तो आकार आणि नसला तरी चालेल असं वाटतं तो आकार, दोन्ही लक्षात ठेवा. चार दिवसांनी पुन्हा झाकून बघा. पहिल्यांदा निरुपयोगी वाटलेला तुकडा दुसऱ्यांदा बहुधा तसा वाटत नाही.

दारातल्या ठिपक्यांच्या रांगोळीशी तुलना करायचा मोह होतो. करावीही, कारण सात ठिपके सात ओळी मांडणाऱ्या बाईला भूमिती कुणी वेगळी शिकवावी लागत नाही. पण एक फरक ध्यानात घ्या. रांगोळी मधल्या ठिपक्याभोवती सगळीकडे सारखी फिरते. डावीकडे पाकळी आली की उजवीकडे येणारच. पुष्कळशी भौमितिक चित्रं मुद्दाम तशी नसतात. एका बाजूला मोठा फिका चौकोन आणि दुसऱ्या बाजूला अगदी काठाशी लहानसा गडद रंग, आणि तरी तोल सांभाळलेला. लांब दांडीच्या टोकाला टांगलेलं छोटं वजन जवळच्या मोठ्या वजनाला पेलतं, तसं. रांगोळीपेक्षा आजीची वाकळ या चित्रांना जवळची. जुन्या लुगड्यांचे जसे तुकडे हाती आले तसे लावत गेलेली, तरी कुठेही एका रंगाची गर्दी न झालेली. खानापूर भागातल्या आणि पलीकडे हल्याळ-यल्लापूरच्या सिद्दी बायका गोधड्या शिवतात, त्या मिळाल्या तर जरूर बघा. तिथे टाक्यांच्या रांगा काठाकडून आत-आत येत जातात आणि नजर त्यांच्याबरोबर फिरते.

दुसरा अभ्यास डोळे बारीक करून बघण्याचा. पापण्या अर्ध्या मिटल्या की रंगांची नावं गळतात, फक्त गडद आणि फिकं उरतं. पिवळा आणि फिका निळा एक होऊन गेले तर समजा की त्यांचा उजेड सारखा आहे. चित्रकाराने त्यांना केवळ रंगाने वेगळं केलं आहे. जिथे एकदम फट दिसते तिथे चित्राचा सांगाडा.

तिसरा अभ्यास रंगशेजाराचा. त्यासाठी दहा मिनिटं कातरकाम करावं लागेल. एकाच करड्या कागदाचे दोन सारखे चौकोन कापा. एक काळ्या कागदावर ठेवा, दुसरा पांढऱ्यावर. काळ्यावरचा उजळ दिसेल, पांढऱ्यावरचा मळका. मग काळ्या-पांढऱ्याऐवजी तांबडा आणि हिरवा घेऊन बघा. करड्यातच रंगाची झाक आल्यासारखी वाटेल. पॅरिसच्या गोब्लँ विणकामशाळेत रंगाचं काम बघणारे रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांच्याकडे काळा धागा फिका पडतो अशी तक्रार आली होती. धागा ठीक होता, फिका दिसत होता तो शेजारच्या रंगांमुळे. १८३९ साली त्यांनी यावर ग्रंथ लिहिला. पुढे चित्रकार जोसेफ आल्बर्स यांनी १९५० पासून अखेरपर्यंत चौकोनात चौकोन एवढीच रचना घेऊन शेकडो चित्रं केली, ती याच एका गोष्टीच्या मागे लागून. सासूबाईंना हे सांगितलं तर त्यांना मुळीच नवल वाटलं नाही. काठाच्या रंगाने अंगाचा रंग बदलतो, हे साडी विणणाऱ्या घरात कुणाला सांगायला लागत नाही.

चौथं म्हणजे जवळ जाऊन कडा बघणं. लांबून यंत्राने काढल्यासारखं दिसणारं चित्र जवळून हाताचं असतं. डच चित्रकार पीट मोंड्रियान (१८७२–१९४४) यांची काळ्या रेघांची आणि तांबड्या-निळ्या-पिवळ्या चौकोनांची चित्रं पुस्तकात सपाट दिसतात. प्रत्यक्षात रेघांची जाडी सगळीकडे एक नसते, काही रेघा काठापर्यंत पोचायच्या आधीच थांबतात, आणि पांढऱ्यातही कुंचल्याच्या दिशा दिसतात. तुमच्या चित्रात रेघ कुठे थांबली, रंग कुठे शेजाऱ्यावर किंचित चढला, चिकटपट्टी ओढून काढल्यावर राहिलेली बारीक कड कुठे आहे, ते शोधा. माणूस तिथे सापडतो.

सराव वाढवायचा असेल तर बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत जा. १२०४ सालचं हे जैन मंदिर. तिथे मंडपात उभं राहून मान वर करून छतातलं कमळ बघा. थरावर थर उतरत येणारी दगडी वर्तुळं आणि पाकळ्या. कमळ आहे हे घटकाभर विसरून नुसत्या वर्तुळांचं अंतर बघा. ते कुठे दाट होतं, कुठे सैल? घरी येऊन आपल्या चित्रापुढे उभं राहिलात की फरक जाणवेल.

वर कुठलं आणि खाली कुठलं

थोडक्यातलं पण चुकू नये असं काम. चित्र उलटं करून पाठीमागे बाण, सही, साल, 'वर' असं काही लिहिलंय का बघा. नसेल तर चित्रकाराला विचारून पेन्सिलीने स्ट्रेचरच्या, म्हणजे कॅनव्हास ज्या चौकटीवर ताणलेला असतो तिच्या, लाकडावर लिहून ठेवा. कॅनव्हासच्या पाठीवर नको, दाबाने पुढे उमटतं. हसण्यावारी नेऊ नका. मोंड्रियान यांचं १९४१ चं 'न्यूयॉर्क सिटी १' हे रंगीत चिकटपट्ट्यांचं काम कित्येक दशकं उलटं टांगलेलं होतं, असं जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयाच्या २०२२ मध्ये लक्षात आलं. जुन्या पट्ट्या सुटण्याची भीती असल्यामुळे त्यांनी ते सुलटं करायचं टाळलं.

भिंत कुठली

पुण्या-मुंबईच्या मासिकांत वाचलेलं इथे तसंच्या तसं चालत नाही, ते याच पायरीवर. आमच्याकडचा पाऊस पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून झोडपतो. बाहेरून सपाटून पाऊस खाणारी भिंत आतून जुलैत थंडगार आणि दमट होते. मी माझं पहिलं चित्र हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीवर लावलं होतं, कारण ती सगळ्यांत मोठी आणि मोकळी होती. श्रावणात सहज मागे हात घातला तर कॅनव्हासच्या पाठीवर पांढरी बुरशी. चित्र वाचलं, पण एका कोपऱ्यात रंगाखाली डाग राहिला तो राहिलाच. तो डाग अजूनही मला सगळ्यांत आधी दिसतो.

म्हणून बेळगाव, खानापूर, जांबोटीच्या पट्ट्यात चित्र घराच्या आतल्या भिंतीवर लावा. म्हणजे जिच्या दोन्ही बाजूंना खोल्या आहेत अशी भिंत. हात लावून बघा, जमलं तर भर पावसाळ्यात. गिलाव्याला पोपडे, मिठासारखी पांढरी भुकटी, खालून वर चढलेला ओलीचा पट्टा दिसला तर ती भिंत सोडा. रंग मारून ओल झाकली जाते, जात नाही. न्हाणीघराच्या मागची भिंतही नको. स्वयंपाकघराचं दार समोर असेल तर फोडणीचा तेलकट धूर फिकट रंगांवर बसतो, आणि देवघराशेजारी समई-अगरबत्तीची काजळी. अथणी, रायबागकडे ओल हा प्रश्नच कमी. तिथे धूळ आणि ऊन सांभाळा. निपाणी-चिकोडीकडे काळ्या मातीवरच्या घरांच्या भिंतींना उन्हाळ्यात तडे जातात, तेव्हा तड्याच्या जवळ भोक पाडू नका.

भिंत कुठलीही असो, चित्र तिला चिकटून बसू देऊ नका. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे किंवा रबराचे छोटे तुकडे चिकटवले की अर्धा इंच फट राहते आणि हवा खेळते. दोन-पाच रुपयांचं काम. माझ्या चित्रावरचा डाग याने टळला असता.

उंची, माप आणि खिळा

सगळ्यांत जास्त चूक होते ती उंचीत. आपल्याकडे तसबिरी दाराच्या चौकटीच्या वर, किंचित पुढे झुकवून लावायची रीत आहे. देवांच्या आणि वडीलधाऱ्यांच्या तसबिरींना ती शोभते, कारण तिथे आपण मान वर करून नमस्कार करतो. हे चित्र नजरेला नजर देऊन बघायचं असतं. चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर आला की उभ्या माणसाला सोयीचं पडतं. खोलीत सगळे बहुतेक वेळ बसूनच असतील, सतरंजीवर किंवा दिवाणावर, तर पाच-सहा इंच खाली घ्या. खाली सोफा असेल तर त्याच्या पाठीपासून सहा ते आठ इंच अंतर, आणि चित्राची रुंदी सोफ्याच्या साधारण दोन-तृतीयांश असली की दोन्ही एकमेकांचे वाटतात.

हिशेब असा करायचा. माझं चित्र ३६ इंच उंच. मध्य ५८ इंचांवर हवा. ५८ मध्ये निम्मी उंची १८ मिळवली, झाले ७६. ही वरची कड. मागच्या कड्या वरच्या कडेपासून ८ इंच खाली आहेत, ते वजा केले. ६८ इंचांवर हुक. खिळा मारून मग बघू, असं केलं की भिंतीला चाळणीसारखी भोकं पडतात. त्याआधी चित्राच्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद कापून चिकटपट्टीने भिंतीवर लावा आणि एक दिवस तसाच राहू द्या. कुणाच्या डोक्याला लागतं का, दार उघडलं की झाकलं जातं का, सगळं कळतं.

चौकोनांचं चित्र एका खिळ्यावर, मध्ये तार ताणून लावू नका. दारं आपटली, वरून मुलं धावली की ते तसूभर फिरतं. देखाव्यात ते खपून जातं. इथे सगळ्या रेघा छताशी, चौकटीशी, फरशीच्या सांध्याशी समांतर धावत असतात, त्यामुळे दोराएवढा कलही दाताखाली खडा आल्यासारखा खटकतो. दोन्ही बाजूंना एकेक कडी, दोन हुक, आणि दोन्ही हुकांवर पाणसळ ठेवून बुडबुडा मध्यावर. पाणसळ नसेल तर गल्लीतल्या गवंड्याकडून तासाभरासाठी मागून आणा. आमच्याकडे आलेले गवंडीमामा भिंतीला ओळंबा लावून म्हणाले, "वैनी, भिंत सरळ हाय, तुमची फ्रेमच वाकडी हाय." खरोखर होती. स्ट्रेचरचा एक कोपरा काटकोनात नव्हता. म्हणून फ्रेम घेतानाच दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे भरले तर कोपरे नीट.

विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीला ड्रिलने भोक, त्यात प्लास्टिकचा प्लग आणि मग स्क्रू. नुसता खिळा गिलाव्यातच राहतो. जांभ्याच्या भिंतीत दगडाचं भोक भुसभुशीत निघालं तर दोन-चार इंच बाजूला सरकून दुसरी जागा बघा. जुनं मातीचं घर असेल तर भिंतीला हातच लावू नका. वर तुळई असतेच, तिच्यावरून दोन तारा सोडून चित्र टांगा. त्या दोन उभ्या तारा चौकोनांच्या चित्राला फार शोभून दिसतात, हे मी खानापूरच्या एका कौलारू घरात बघितलं आहे. सारवलेली भिंत, दोन तारा आणि एक निळा चौकोन.

फ्रेम आणि काच

कॅनव्हासवरच्या ॲक्रिलिक किंवा तैलचित्राला काच नको. कोरीव सोनेरी फ्रेम तर नकोच. चित्राच्या कडांशी ती भांडते. साधी पातळ लाकडी पट्टी, कॅनव्हास आणि पट्टीत बोटभर फट. तेवढी पुरे. कागदावरच्या कामाला मात्र काच लागतेच, आणि काच कागदाला टेकता कामा नये. मध्ये जाड पुठ्ठ्याचा माउंट घालायला सांगा. दमट दिवसांत कागद काचेला चिकटला तर सोडवताना रंग निघतो. नसरीन मोहम्मदी (१९३७–१९९०) यांच्यासारख्या नुसत्या शाईच्या, पेन्सिलीच्या बारीक रेघांचं काही तुमच्याकडे असेल, तर ते हॉलच्या मोठ्या भिंतीवर हरवेल. वाचायच्या खुर्चीजवळ, हातभर अंतरावर लावा.

शेजारी काय ठेवायचं

काही नाही, हे माझं प्रामाणिक मत. या चित्रात रिकामी जागा रंगाइतकीच काम करते, आणि ती फ्रेमपाशी संपत नाही. दोन्ही बाजूंना किमान दीड-दोन वीत भिंत मोकळी हवी. घड्याळ, कॅलेंडर, लग्नाचा फोटो दुसऱ्या भिंतीवर न्या. घरात भांडण होईल. आमच्याकडे झालं. कॅलेंडर हललं, घड्याळ हललं नाही, म्हणून शेवटी चित्रच हललं.

जागेने चित्राचा अर्थ बदलतो, हे रशियन चित्रकार कझिमिर मालेविच यांना पक्कं ठाऊक होतं. १९१५ साली पेत्रोग्राडच्या प्रदर्शनात त्यांनी आपला 'काळा चौकोन' भिंतीच्या मध्यावर लावला नाही. खोलीच्या वरच्या कोपऱ्यात, दोन भिंती मिळतात तिथे लावला. रशियन घरांत तो कोपरा देवांच्या तसबिरींचा असतो. सय्यद हैदर रझा (१९२२–२०१६) यांच्या बिंदूसारखं एका केंद्राभोवतीचं चित्र असेल तर त्याला भिंतीचा बरोबर मध्य द्या. तोल एका बाजूला झुकवून सांभाळलेलं चित्र मात्र भिंतीच्या मध्यापासून थोडं सरकवून बघा. ते पुष्कळदा जास्त जिवंत दिसतं.

उजेड

थेट ऊन अजिबात नको, सकाळचं कोवळंसुद्धा नको. कागदावरचे रंग सगळ्यांत आधी उडतात. दिवा लावायचा तर साधारण ३००० केल्व्हिनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा एलईडी, आणि खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा जास्त लिहिलेला. कमी सीआरआयच्या दिव्याखाली तांबडा मातकट दिसतो, निळसर ट्यूबखाली पांढरट जमीन आजारी दिसते. दिवा छतातून उभ्या रेषेशी सुमारे ३० अंशांच्या कोनात पडावा. त्याहून आडवा आला की रंगावर चकाकी येते आणि बघणाऱ्याची सावली पडते. दिवसभरात चार वेळा, वेगवेगळ्या उजेडात चित्र बघून मगच दिवा विकत घ्या. पावसाळी दुपारच्या राखाडी उजेडात माझ्या चित्रातला हळदी आयत असा काही उजळतो की कुठल्याही दिव्याखाली तसा दिसलेला नाही.

जपणूक

ओलं फडकं लावायचं नाही. साबण, कॉलिन, पाव चोळणं, बटाटा फिरवणं, यांतलं काहीही नाही. महिन्यातून एकदा मऊ केसांच्या कोरड्या कुंचल्याने वरून खाली हलकेच झाडा. ॲक्रिलिकचा रंग उन्हाळ्यात थोडा मऊ पडतो आणि धूळ धरून ठेवतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये पंधरा दिवसांनी. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला मागे डोकवा. बुरशीचा ठिपका दिसला की चित्र उतरवून पंख्याच्या वाऱ्यावर, सावलीत उभं करा. लाकडाखाली पिठासारखी भुकटी दिसली तर कीड लागली आहे. ती फ्रेम त्याच दिवशी चित्रापासून वेगळी करायची.

गणपतीत हॉलची ती भिंत आरासीला लागणारच. चित्र दोघांनी मिळून उतरवायचं. एकाने वरच्या पट्टीला धरून ओढू नये, दोन्ही उभ्या बाजूंना हात हवेत. प्लास्टिकमध्ये गुंडाळायचं नाही, आत घाम धरतो आणि रंगाला चिकटतो. धुतलेल्या सुती चादरीत गुंडाळून, चित्राचं तोंड आतल्या भिंतीकडे करून, जमिनीपासून वीतभर उंच पाटावर ठेवा. विसर्जनानंतर पुन्हा टांगायच्या आधी एक दिवस ते टेबलावर टेकवून ठेवा आणि तो तांबडा तुकडा पुन्हा एकदा झाकून बघा. मग लावताना पाणसळ ठेवायचीच, हुक जुनेच असले तरी.